सुटाची काटछाट, कामगारी शिवण : डेनिमचे फॉर्मल जॅकेट कसे घडवावे

डेनिमचे जॅकेट फॉर्मल दिसावे म्हणून बहुतेक जण एकच उपाय करतात. ब्लेझरचा तयार खाका घेतात आणि सुटिंगच्या जागी त्यावर डेनिम कापतात. असे जॅकेट हँगरवर बरे दिसते. पण अंगात घातले की बाहीच्या माथ्यावर चुण्या पडतात, कॉलर मानेपासून सुटून उभी राहते आणि पुढच्या डार्टांची, म्हणजे कापड चिमटून घेतलेल्या निमुळत्या शिवणींची, टोके छातीवर फुगीर दिसतात. दोष शिंप्याच्या हातात नसतो, कापडाच्या स्वभावात असतो. लोकरीचे कापड वाफेने आणि इस्त्रीने वळते. सूट शिवणारा कारागीर बाहीच्या माथ्यातले दोन-तीन सेंटीमीटर जास्तीचे कापड वाफेने मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत, जिरवू शकतो. डेनिम हे घट्ट विणीचे सुती ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचे कापड आहे आणि ते वाफेला तशी दाद देत नाही. त्याला जो काही गोलावा द्यायचा तो कापतानाच, शिवणीच्या रेषेत द्यावा लागतो.

कामगारांच्या कपड्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. जीन्सच्या मागच्या बाजूला कमरेखाली असलेला तिरपा योक, म्हणजे वरून जोडलेला वेगळा तुकडा, शोभेसाठी नसतो. फॉर्मल पँटच्या मागे जे डार्ट असतात, त्यांचे काम त्या योकची शिवण करते. म्हणून फॉर्मल टेलरिंग आणि वर्कवेअर यांचा मेळ घालायचा म्हणजे वरून थोडे हे आणि थोडे ते चिकटवायचे नाही, तर सुटाचा आकार कामगारी शिवणींच्या पोटात घालायचा. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

नाशिकमध्ये अशा जॅकेटला गिऱ्हाईक आहे, असे माझे मत आहे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात सकाळी शॉप फ्लोअरवर उभे राहायचे आणि दुपारी बाहेरगावच्या ग्राहकासमोर बसायचे, अशी दिनचर्या असलेल्या माणसाला ब्लेझर जड वाटतो आणि साधे जीन्सचे जॅकेट अपुरे. शिवाय इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी ऊन लागते, त्यामुळे बिनअस्तराचे, एकपदरी जॅकेटच सोयीचे. पुढचे वर्णन अशाच जॅकेटचे आहे : नॉच लॅपल (कॉलरशी खाच असलेली, छातीवर बाहेर वळणारी कड), तीन बटणे, तीन पॅच खिसे (बाहेरून शिवलेले), मागे योक, अस्तर नाही. तीन-चार पॅच खिशांची ही मांडणी फ्रान्समधल्या कामगारांच्या निळ्या कोटावरून आलेली आहे.

कापड निवडणे

डेनिमचे वजन औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाला किती औंस. एक औंस म्हणजे प्रति चौरस मीटर साधारण ३४ ग्रॅम. जाड जीन्ससाठी १२ ते १४ औंसाचे कापड वापरतात; आपल्या जॅकेटला ते चालणार नाही, कारण लॅपलच्या खाचेत आणि कॉलरच्या टोकात इतके पदर येतात की सुई थांबते. सहा-सात औंसाचे कापड शर्टाचे असते आणि त्याची लॅपल लुळी पडते. ९ ते १०.५ औंस, म्हणजे ३०५ ते ३५५ ग्रॅमच्या आसपासचे कापड घ्यावे.

दुकानदार वजन अंदाजाने सांगतो, तेव्हा ते स्वतः तपासणे बरे. कापडातून १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा तुकडा नीट मोजून कापावा, त्याचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे आणि त्याला शंभराने गुणावे. तुकडा ३.४ ग्रॅम भरला तर कापड ३४० ग्रॅमचे, म्हणजे दहा औंसांचे. एवढे बारीक वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही. पण कापड पेठेत खरेदी करत असाल तर सराफ बाजार शेजारीच आहे आणि ओळखीचा सराफ हा तुकडा हसत का होईना, पण तोलून देतो.

अहमदाबादच्या गिरण्यांचे डेनिम आपल्याकडे सर्रास मिळते, यवतमाळलाही डेनिमची मोठी गिरणी आहे, आणि उल्हासनगरच्या जीन्स उद्योगातून उरलेले ताग्यांचे तुकडे स्वस्तात येतात. तुकड्यांच्या मालात हरकत नाही, फक्त सगळे कापड एकाच ताग्याचे असल्याची खात्री करावी. दोन ताग्यांची निळाई दुकानाच्या दिव्याखाली सारखी भासते आणि उन्हात वेगळी पडते. कापड दाराशी नेऊन पाहावे. लायक्रा असलेले स्ट्रेच डेनिम या जॅकेटला नको. ते खिशांच्या तोंडाशी आणि कोपरांवर हळूहळू सैल पडते आणि काटछाटीची धार जाते.

कापण्याआधीची धुलाई

बाजारातले बहुतेक डेनिम सॅन्फराइझ केलेले असते. कापड यंत्रावर आधीच आटवून घेण्याची ही प्रक्रिया अमेरिकेतल्या सॅन्फर्ड क्लुएट यांच्या नावावरून ओळखली जाते. तरीही असे कापड दोन-तीन टक्के आटू शकते, आणि प्रक्रिया न केलेले कापड सात ते दहा टक्क्यांपर्यंत. त्यामुळे सगळे कापड घेण्याआधी अर्धा मीटर आणून चाचणी घ्यावी.

त्यावर पन्नास सेंटीमीटरचा चौकोन पक्क्या मार्करने आखावा, उभ्या धाग्याच्या दिशेला बाण काढावा, कापड धुवावे, सावलीत वाळवावे, इस्त्री करावी आणि पुन्हा मोजावे. उभी बाजू ४८.५ सेंटीमीटर भरली तर आटण्याचे प्रमाण तीन टक्के. ताणा (उभा धागा) बाण्यापेक्षा (आडव्या धाग्यापेक्षा) जास्त आटतो, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात. मग चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत. डेनिम तिरप्या विणीचे असल्यामुळे धुतल्यावर पीळ घेते. जुन्या जीन्सची बाजूची शिवण घोट्याशी पुढे वळलेली असते ती याच कारणाने. दोन कर्णांत दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर ते कापड सोडून द्यावे, कारण लांब बाहीवर तो पीळ लपत नाही.

कापड पसंत पडले की ते सगळेच आधी धुऊन मग कापावे. जीन्सवाले उलट करतात : आधी शिवतात, मग धुतात. त्यामुळे शिवणींवर ज्या दोरीसारख्या लहरी उठतात, त्या जीन्सवर हव्याहव्याशा असतात. लॅपलच्या कडेवर त्या आल्या तर फॉर्मलपणा तिथेच संपतो. धुताना कापड बादलीत कोंबू नये. घड्यांच्या जागी पांढरट रेघा उमटतात आणि त्या कधीच जात नाहीत. मोठ्या टबात, थंड पाण्यात, सैल पसरून भिजवावे आणि न पिळता दांडीवर टाकावे.

रंगासाठी पाण्यात मीठ किंवा तुरटी टाकण्याची घरोघरी रीत आहे, पण डेनिमच्या रंगातल्या निळीवर तिचा उपयोग होत नाही. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढरा राहतो, आणि हा वरचा थर घासल्याने झिजत जातो. डेनिमचे फिके पडणे त्यातूनच येते. वाळलेल्या कापडावर पांढरे सुती फडके आधी कोरडे आणि मग ओले करून घासून पाहावे. ओल्या फडक्यावर गडद डाग आला तर कापड आणखी एकदा धुवावे, नाहीतर पहिल्याच दिवशी पांढऱ्या शर्टाची कॉलर निळी होईल.

माप आणि खाका

लोकरीच्या ब्लेझरला छातीच्या मापावर आठ ते दहा सेंटीमीटर सैलपणा पुरतो. डेनिमला बारा ते चौदा द्यावा, कारण ते अंगाबरोबर ताणले जात नाही आणि थंडीत आत स्वेटरही येतो. हा सगळा सैलपणा मुंढ्यात ढकलू नये. मुंढा खोल केला की हालचाल सोपी होते असे पुष्कळांना वाटते, आणि नेमके त्याच्या उलट घडते : खोल मुंढ्याच्या जॅकेटमध्ये हात वर केला की अख्खे जॅकेट वर चढते. मुंढा काखेजवळ, उंच ठेवावा. चांगल्या सुटाची ही खूण डेनिममध्ये जशीच्या तशी उचलावी.

बाहीबाबत मात्र सुटाची रीत सोडावी लागते. बाहीच्या माथ्याची लांबी मुंढ्यापेक्षा जास्तीत जास्त एक सेंटीमीटरने अधिक असावी. त्यापलीकडचे कापड जिरणार नाही, चुणी होऊनच बसेल. त्यासाठी माथ्याची उंची थोडी कमी करून बाही रुंद करावी, शर्टाच्या बाहीकडे झुकणारी. बाही दोन तुकड्यांचीच ठेवावी, कारण कोपराचा बाक मागच्या शिवणीत देता येतो. सुटात आणि जुन्या जीन्स जॅकेटात हीच पद्धत आढळते, त्यामुळे इथे दोन्ही परंपरांचे भांडण नाही.

आता डार्ट. मागच्या बाजूला खांद्याच्या पात्याचा गोलावा योकच्या शिवणीत घ्यावा : योकची खालची कड मुंढ्याकडे जाताना सात-आठ मिलिमीटरने वर उचलावी आणि तितकेच पाठीच्या तुकड्याच्या वरच्या कडेतूनही छाटावे. पाठीच्या मधोमध शिवण ठेवून कमरेशी दीड सेंटीमीटर आत घ्यावे. बाजूच्या शिवणीत पुढून एक आणि मागून एक असे दोन सेंटीमीटर जातील. पुढच्या भागात छातीच्या खिशाखालून घेरापर्यंत जाणारी एक उभी शिवण घ्यावी आणि तीत आणखी एक सेंटीमीटर काढावा. तिचा वरचा भाग छातीच्या खिशाने आणि खालचा भाग मोठ्या खिशाने झाकला जातो. अशा प्रकारे अर्ध्या अंगात साडेचार, म्हणजे पूर्ण घेरात नऊ सेंटीमीटर कमरेला आत येते, आणि जॅकेटवर एकही डार्ट दिसत नाही. बघणाऱ्याला फक्त कामगारी शिवणी दिसतात, पण जॅकेट अंगावर सुटासारखे बसते.

सगळे वळण एकाच शिवणीत घेण्याचा मोह टाळावा. जीन्सची दुहेरी शिवण, म्हणजे जिच्यात दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतात, ती सरळ किंवा किंचित वक्र रेषेवरच सपाट बसते. जिथे वळण जास्त असेल, तिथे साधी शिवण करून आतल्या कडांना पातळ सुती तिरप्या पट्टीची गोट लावावी. बिनअस्तराच्या जॅकेटात आतली बाजूही दिसते, म्हणून ओव्हरलॉकच्या दोऱ्यांवर भागवू नये.

वरची कॉलर खालच्या कॉलरपेक्षा चार मिलिमीटरने मोठी कापावी, म्हणजे दुमडल्यावर कडा वर कुरळत नाहीत. खालची कॉलर तिरप्या धाग्यावर आणि शक्य तर पातळ सुती ड्रिलची करावी. आत कॅनव्हास नको. फक्त कॉलरला आणि पुढच्या पट्टीला हलके विणलेले फ्युझिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे कापड, पुरे. फ्युझिंग आधी छोट्या तुकड्यावर चिकटवून तो तुकडा धुऊन पाहावा. फुगे आले तर त्या मालाला हात लावू नये.

ट्रायल

ट्रायलसाठी मांजरपाट वापरण्याची रीत आहे आणि धडाच्या फिटिंगपुरता मांजरपाट ठीक आहे. कॉलर आणि बाही यांची ट्रायल मात्र जाड कापडावर, जुन्या जीन्सच्या पायातून कापलेल्या तुकड्यांवरच घ्यावी, कारण मांजरपाटाची लॅपल कशीही वळते आणि फसवते. ट्रायल घेताना आरशासमोर ताठ उभे राहून उपयोग नाही. बटणे लावून खुर्चीत बसावे, मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवून पाहावे, डोक्यावरच्या फळीवरची वस्तू काढावी. हँडलवर हात असताना पाठ ओढली जात असेल तर योकखाली पाठीला दोन्ही बाजूंनी सेंटीमीटरभर वाढवावे. कंबर सैल करून तो ताण जात नाही.

कापणे आणि शिवणे

सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवून कापावेत, कारण डेनिमची छटा वरून पाहताना आणि खालून पाहताना थोडी बदलते. दुहेरी शिवणीसाठी दीड सेंटीमीटर दाब, म्हणजे शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड, सोडावा, शिवल्यावर एका बाजूचा दाब सहा मिलिमीटरवर छाटावा आणि दुसरा त्यावर दुमडून दाबावा. खालच्या घेराला तीन सेंटीमीटर पुरतात.

मशीनला १६ नंबरची सुई लावावी, जाड जागांसाठी १८ नंबरची हाताशी ठेवावी. वरच्या दिसणाऱ्या टिपांसाठी टेक्स ६० चा दोरा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप), खाली बॉबिनमध्ये टेक्स ४०, आणि टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा. जीन्सवर याहून जाड दोरा असतो, तो इथे नको.

दोऱ्याचा रंग हा या साऱ्या डिझाइनमधला सर्वांत बोलका निर्णय आहे. तंबाखूच्या रंगाचा दोरा दिसला की डोळा लगेच जीन्स म्हणतो आणि मग लॅपल कितीही नेटकी असली तरी ती पाहिली जात नाही. सगळ्या टिपा गडद निळ्या दोऱ्याने घ्याव्यात. दुहेरी टिपा योक, मधली पाठ आणि खिसे यांवर. लॅपल आणि कॉलरच्या कडेला मात्र सहा मिलिमीटर आत एकच टीप. तपकिरी दोरा वापरायचाच असेल तर आतल्या खिशाच्या तोंडाशी वापरावा.

शिवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पुढच्या उभ्या शिवणी आणि खिसे, मागचा योक, मधली पाठ, खांदे, मग कॉलर आणि पुढची पट्टी, हे झाल्यावर बाहीची मागची शिवण घेऊन बाही सपाट अवस्थेतच मुंढ्याला जोडावी. त्यानंतर काखेपासून मनगटापर्यंत आणि काखेपासून घेरापर्यंत एका दमात शिवण मारावी. सुटात बाही गोल बंद करून मग मुंढ्यात बसवतात. डेनिममध्ये त्या पद्धतीने मुंढ्यावर दुहेरी टीप नीट मारता येत नाही. मुंढ्याचा दाब धडाकडे वळवावा, म्हणजे खांदा नैसर्गिक दिसतो आणि पॅडची गरज उरत नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे जिथे दोन दुहेरी शिवणी एकमेकींना छेदतात, उदाहरणार्थ योक आणि पाठीची मधली शिवण. तिथे आठ-दहा पदर जमतात. अशा गाठीवर जुने सुती फडके ठेवून, खाली लाकडी फळी घेऊन, हातोडीने आठ-दहा हलके ठोके द्यावेत. पदर चपटे होतात आणि बोटाला तो फरक कळतो. मग मशीनची पायपट्टी गाठीजवळ येऊन पुढून उचलली जाऊ लागली की तिच्या मागच्या भागाखाली त्याच डेनिमची चौपदरी घडी सरकवावी. पायपट्टी पुन्हा सपाट होते आणि टाके आखूड पडत नाहीत. गाठीवरचे दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून घ्यावेत. सुई इथेच तुटते.

नाशिकमध्ये हे काम कोणाकडून करून घ्यावे, हा प्रश्न येतोच. सूट शिवणारे मास्तर काटछाटीत तरबेज असतात, पण दुहेरी शिवण त्यांच्या रोजच्या सवयीची नसते. कारखान्यांचे युनिफॉर्म आणि बॉयलर सूट शिवणारे कारागीर ती शिवण डोळे मिटून घालतात, पण लॅपलला बिचकतात. माझ्या मते खाका आणि ट्रायल पहिल्याकडे ठेवावी, शिवण दुसऱ्याकडे, आणि कॉलर पुन्हा पहिल्याकडे न्यावी. दोघांनाही हे आधी स्पष्ट सांगावे, नाहीतर एकाने केलेले काम दुसरा उसवत बसतो.

काज, बटणे, रिव्हेट

काज मास्तर स्वतः न करता काज-बटणवाल्याकडे पाठवतात. जॅकेट देण्याआधी डेनिम, फ्युझिंग आणि डेनिम असा नेमक्या तेवढ्याच पदरांचा तुकडा देऊन एक काज करून घ्यावे. एका टोकाला गोल भोक असलेले कोटाचे काज मागावे. शर्टाचे सरळ काज या जाडीवर बटण ओढून धरते. बटणे शिंगाची किंवा शिंगासारखी, चार भोकांची घ्यावीत आणि दोऱ्याचा छोटा देठ ठेवून हाताने लावावीत. जीन्सचे धातूचे बटण इथे बेसूर वाटते.

तांब्याची रिव्हेट, म्हणजे कापडात ठोकून बसवलेली छोटी खिळी, ही मुळात एका शिंप्याचीच युक्ती. नेवाडातील रेनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस यांनी कामगारांच्या खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून ती वापरली आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह २० मे १८७३ रोजी तिचे पेटंट घेतले. पुढे मागच्या खिशांच्या रिव्हेटांनी खोगिरे आणि खुर्च्या ओरखडल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९३७ मध्ये त्या कापडाखाली झाकल्या गेल्या. ज्या जॅकेटात तुम्ही बैठकीच्या टेबलाशी बसणार आहात, त्याला हा इतिहास पुरेसा इशारा आहे. खिशांच्या कोपऱ्यांवर गडद दोऱ्याचे बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांच्या आखूड पक्क्या टिपा, मारावेत. मजबुती तीच मिळते.

डेनिमला फॉर्मल करण्याचा उघड विनोदी मार्गही आहे. १९५१ साली लेव्ही स्ट्रॉस कंपनीने गायक बिंग क्रॉस्बी यांच्यासाठी डेनिमचे टक्सिडो जॅकेट शिवले होते, कारण व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात त्यांना डेनिम घातल्यामुळे अडवण्यात आले होते. तो थट्टेचा कपडा होता आणि तसाच छान होता. रोज घालायच्या जॅकेटाने त्याची नक्कल करू नये.

जोडीची पँट

त्याच कापडाची पँट करायची असेल तर पुढचे खिसे फॉर्मल पँटसारखे तिरपे, मागे डार्टऐवजी योक आणि मोहरी (पायाचा खालचा घेर) सरळ ठेवावी. क्रीजच्या नादी लागू नये, डेनिमवर ती दुपारपर्यंतही टिकत नाही. एक गोष्ट मात्र फॉर्मल पँटकडूनच घ्यावी : आसनाची मागची शिवण दुहेरी न करता साधी ठेवावी, कमरपट्टीही मागे मधोमध जोडलेली असावी आणि दोन्हींत अडीच-तीन सेंटीमीटर दाब सोडावा. जीन्समध्ये ही सोय नसते, म्हणून कंबर वाढली की जीन्स टाकून द्यावी लागते. पँट सैल करायची असेल तर पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच करून घ्यावी. नंतर बाहेरचे कापड फिके होते आणि आतून उघडलेली गडद निळी पट्टी दुरूनही दिसते.

इस्त्री आणि निगा

शेवटची इस्त्री ओलसर सुती फडक्यावरूनच करावी. थेट इस्त्रीने दुहेरी शिवणींच्या उंचवट्यांवर चकाकी येते. लॅपल वळते त्या रेषेवर इस्त्री दाबू नये, फक्त वाफ द्यावी आणि हाताने वळवून जॅकेट रात्रभर रुंद खांद्यांच्या हँगरवर ठेवावे. धुण्याची वेळ क्वचितच आणावी. धुताना बटणे लावून, आतली बाजू बाहेर करून, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि ओले असतानाच कॉलर व लॅपल बोटांनी सरळ करून सावलीत वाळत घालावे. पहिल्या धुण्यानंतर बटणांचे देठ एकदा तपासावेत, सुती दोरा असेल तर ते ढिले पडलेले आढळतात.